गोव्यात जुनी हॅचबॅक रोज चालवायची असेल तर आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

फोंड्याहून वेर्ण्याला जायचे म्हणजे बोरीचा उतार, जुवारीवरचा पूल आणि पुढे लोटलीतून कुंपणांच्या मधून जाणारा अरुंद रस्ता. पाच वर्षे झाली, नोकरीसाठी हा रस्ता मी रोज २००८ सालच्या पेट्रोल स्विफ्टने करतो. एक लाख चाळीस हजारांना घेतलेली गाडी आहे. सकाळी लोटलीच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये ती ज्या हलकेपणाने आत वळते, ते मला नव्या उंच गाड्यांमध्ये सापडले नाही. समोरून कदंब बस आली तर गटाराच्या कडेला अंग चोरून उभी राहते. फेरीबोटीत शेवटच्या उरलेल्या जागेत मावते.

याआधी, २०१७ मध्ये, मी एक झेन घेतली होती. इंजिन शिलाई मशीनसारखे चालत होते, मी तेवढेच बघितले. दोन पावसाळ्यांनंतर मागच्या सीटखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत गेला. इंजिन शेवटपर्यंत उत्तम होते आणि गाडी भंगारात गेली. त्या दुःखातून जे शिकलो, ते स्विफ्ट घेताना कामी आले. नवीन येणाऱ्याने तेच दुःख पुन्हा विकत घेऊ नये म्हणून हे सगळे क्रमाने लिहितो आहे.

१. आधी आपला रोजचा रस्ता तपासा

गाडी बघायला जाण्याआधी एका कागदावर लिहा: रोज किती किलोमीटर, किती चढ, गाडी रात्री कुठे उभी राहणार, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर गॅरेज आहे का. रोजचे साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत असेल तर चांगल्या अवस्थेतली जुनी हॅचबॅक सहज निभावते. त्याहून जास्त असेल, किंवा घरात आजारी माणूस असून रात्री-अपरात्री दवाखान्यात जावे लागत असेल, तर एकुलती एक गाडी म्हणून जुनी गाडी घेऊ नका.

आपल्याकडे बहुतेक घरांत एक स्कूटर असतेच. ती विकू नका. जुनी गाडी वर्षातून तीन-चार वेळा दोन-दोन दिवस गॅरेजमध्ये राहणार, हे गृहीत धरूनच तिला घरात आणायचे.

गाडी माडाखाली उभी राहणार असेल तर आधी जागा बदला. नारळ पडला की टप आणि काच दोन्ही जातात, आणि झाप पडली तरी बॉनेटला पोचा येतो.

२. कोणती गाडी घ्यावी

माझे मत सरळ आहे. पहिल्यांदाच जुनी गाडी घेत असाल तर मारुतीची घ्या. कारण चालवण्यात नाही, सुट्या भागांत आहे. फोंडा, म्हापसा किंवा मडगावच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात लिंक रॉड, बुश, क्लच प्लेट, वॉटर पंप त्याच दिवशी मिळतो.

झेन १९९३ ते २००६ पर्यंत बनत होती. ९९३ सीसीचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन, अंगाने हलकी, जमिनीला चिकटून पळणारी. चालवण्याचा आनंद या यादीत सर्वांत जास्त तिच्यात आहे. पण आता शेवटच्या झेनसुद्धा वीस वर्षांच्या झाल्या. गंज न लागलेली मिळाली तरच घ्या, आणि २००० सालानंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या इंजिनाची बघा. कार्ब्युरेटर जुळवणारे हात आता कमी उरलेत.

पहिली स्विफ्ट २००५ साली आली. सुरुवातीचे पेट्रोल इंजिन १.३ लिटरचे, ८७ अश्वशक्तीचे. २०१० मध्ये त्याजागी १.२ लिटरचे के-सिरीज इंजिन आले. १.३ ला टायमिंग बेल्ट आहे, तो ठरावीक मुदतीने बदलावा लागतो; १.२ ला चेन. चेनचा त्रास कमी, पण खालच्या गिअरमध्ये १.३ ची ओढ मला जास्त आवडते. चढावर तिला मागून रेटावे लागत नाही. रिट्झ, म्हणजे २००९ ते २०१७ दरम्यानची, हीसुद्धा चांगली निवड आहे. दिसायला साधी म्हणून स्वस्त मिळते, आत जागा भरपूर आणि पेट्रोलमध्ये तेच १.२ चे इंजिन.

ह्युंदाईची गेट्झ भक्कम आहे, पण तिचे काही भाग शोधावे लागतात. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणे थांबवल्याचे जाहीर केले, त्यामुळे फिगो स्वस्तात मिळते. तिचे स्टिअरिंग फार छान आहे. भागांसाठी चार दिवस थांबायची तयारी असेल तर जरूर घ्या. फोक्सवॅगनची पोलो दार लावल्याच्या आवाजावर विकली जाते, मात्र तिच्या दुरुस्तीचा खर्च मारुतीच्या हिशेबात बसत नाही.

आणि फियाटची पालिओ १.६. शंभर अश्वशक्तीची ती गाडी ज्याने एकदा चोर्ला घाटात चालवली, तो तिच्याबद्दल आयुष्यभर बोलतो. पण रोजची गाडी म्हणून नको. एखाद्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी पुणे, मुंबई, कोईमतूर असे फोन करत बसावे लागते.

डिझेलबद्दल एवढेच: रोज पाच-दहा किलोमीटरच चालवणार असाल तर जुनी डिझेल घेऊ नका. इंजिन नीट तापायच्या आतच बंद होते, आणि इंजेक्टर किंवा टर्बोचे एक काम निघाले की वाचवलेले डिझेलचे पैसे त्यात जातात.

३. पत्रा बघायला कसे जायचे

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो. इंजिन उघडता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, सस्पेन्शन एका दिवसात नवे होते. पण गाडीचा सांगाडा म्हणजेच पत्रा असतो. तो आतून गंजला की वेल्डिंग करणारा फक्त वेळ ढकलतो. गोव्यात जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने समुद्राची खारी हवा असते. किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर राहिलेली गाडी आणि वाळपईला राहिलेली गाडी, दोन्हींचे मॉडेल आणि वर्ष एकच असले तरी पत्रा एक नसतो. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा, गाडी कुठे राहत होती आणि छपराखाली होती का.

दिवसाउजेडी जा, गाडी कोरडी असताना बघा. नुकतीच धुतलेली गाडी ओलेपणात सगळे पोचे लपवते. सोबत न्या: टॉर्च, फ्रिजवर लावायचा छोटा लोहचुंबक, जुनी चादर, बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि हात पुसायला फडके.

चादर अंथरून गाडीखाली डोके घाला. दोन्ही दारांखालची कड, जिथे जॅक लावतात तो जोड, टॉर्चने पूर्ण लांबीभर बघा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो. मालकाची परवानगी घेऊनच ठोका, आणि परवानगी द्यायला तो कचरला तर तेही उत्तरच समजा.

मग दारे. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायला छोटी भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच साचते आणि दार आतून सडते. बाहेरून रंगाखाली फुगवटे दिसले तर आतले नुकसान त्याच्या कितीतरी पट आहे असे धरा.

डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा. त्या खड्ड्यात पाणी, चिखल किंवा तांबूस पावडर आहे का बघा. पुढच्या पायाकडची मॅट उचलून खालच्या फेल्टला हात लावा. ओलसर लागले तर वायपरखालची जाळी पानांनी बुजली आहे. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा हा ठरलेला आजार, आणि माझी झेन याच आजाराने गेली. बॅटरीखालची पट्टी आणि शॉकॉब (शॉक अॅब्सॉर्बर) वर जिथे बोल्टने बसतो ती घुमटी, या दोन जागा बॉनेट उघडून बघा. घुमटीला गंज असेल तर सौदा तिथेच संपला.

लोहचुंबकावर पातळ कागद गुंडाळून तो दारे, चाकांच्या कमानी आणि मागचे कोपरे यांवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुटी, भरलेली आहे. एका कोपऱ्यात थोडी लांबी असणे साहजिक आहे, इतक्या वर्षांत कुणाच्या गाडीला कुंपण लागले नाही? पण दारांच्या खालच्या बाजूला सलग लांबी म्हणजे गंज झाकलेला आहे.

आता दोन सापळे. पहिला, ताजे काळे अंडरबॉडी कोटिंग. वर्षानुवर्षे खाली काही न केलेल्या माणसाने विकायच्या आठवड्यात कोटिंग का मारून घेतले? गंजावर मारलेले कोटिंग ओल आत कोंडते आणि कुजणे वाढते. असे कोटिंग दिसले की मी सरळ परत येतो.

दुसरा सापळा आपल्याच गोव्याचा. काही खासगी गाड्या पर्यटकांना गुपचूप भाड्याने दिल्या जातात. परवाना असलेल्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. गुपचूप दिलेल्या गाडीची पाटी मात्र साधी पांढरीच असते. ओळखायची कशी? सीट पूर्ण मागे सरकवा आणि रुळांमध्ये बोट फिरवा. समुद्राची वाळू लागली तर विचारात पडा. गाड्या किनाऱ्यावर नेण्यास बंदी आहे, तरी लोक नेतात, आणि खाऱ्या पाण्यात एकदा चाके बुडाली की खालच्या बोल्टांपासून गंज सुरू होतो.

४. इंजिन आणि चालवून बघणे

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की गाडी थंड हवी. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा घ्या, तासाभराने बघा. थंड इंजिन सुरू करताना मागे एकाला उभे करा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. तापल्यानंतरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

ऑईल कॅपच्या आत दुधाळ थर दिसला की लोक घाबरतात. आपल्या दमट हवेत रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तेवढा पातळ थर नुसत्या ओलीनेही येतो. डिपस्टिकवरचे ऑईलही दुधाळ असेल तर मात्र गाडी सोडा.

चालवायला चढाचा रस्ता निवडा. फोंड्यात असाल तर फर्मागुढीचा चढ, पणजीकडे पर्वरी किंवा बांबोळीचा. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच घसरतो आहे. उतारावर, मागे कुणी नसताना, स्टिअरिंग हलक्या हाताने धरून ब्रेक लावा आणि गाडी एका बाजूला ओढते का बघा. खडबडीत रस्त्यावर संगीत बंद ठेवा. पुढून टकटक आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश गेलेत. ते काम स्वस्त आहे, पण किंमत पाडून घ्यायला पुरेसे आहे.

किलोमीटरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. ब्रेक पेडलचे रबर, स्टिअरिंगची घासलेली कड आणि चालकाच्या सीटचा दबलेला कोपरा हे जास्त खरे बोलतात.

५. कागद, आणि इथे घाई नाही

स्विफ्टच्या आधी मला दुसरी एक सुंदर गाडी मिळत होती. पत्रा निर्मळ, एकाच घरातली. आरसीवर नाव वडिलांचे, वडील वारलेले, मुलगा लंडनला आणि गाडी विकायला शेजारी. मी आगाऊ रक्कम देणार होतो. सुदैवाने आमच्या मेस्ताने, म्हणजे गॅरेजवाल्या मेकॅनिकने, थांबवले. मालक वारल्यावर आधी गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ आहे, आणि नंतरच ती तुमच्या नावावर होते. गोव्यात ज्यांची मुले परदेशी आहेत अशा घरांत अशा पुष्कळ गाड्या उभ्या आहेत. गाड्या चांगल्या असतात, पण आधी नाव बदलून द्या म्हणा, मग पैसे.

गाडी बघायला जाण्याआधीच नंबर घेऊन परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर बघा: नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विमा कधी संपतो, कर्जाचा बोजा आहे का. थकलेले ई-चलन वेगळे तपासा. ते भरले नाही तर नाव बदलताना अडते.

गोव्यातल्या गोव्यात गाडी घेताना लागणारे कागद असे:

– मूळ आरसी, आणि त्यावरचा चेसिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून
– फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांनी
– कर्ज होते तर फॉर्म ३५ आणि बँकेचे कर्जफेडीचे पत्र
– चालू विमा आणि चालू पीयूसी
– तुमचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो
– चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप
– पैसे बँकेतून दिल्याचा पुरावा आणि तारीख-वेळेसह गाडी ताब्यात घेतल्याची चिठ्ठी

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका आणि घेऊही नका. "नाव नंतर करू" हे वाक्य ऐकले की उठा. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. विमा तुमच्या नावावर करायलाही १४ दिवसच मिळतात. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

परराज्यातली गाडी स्वस्त वाटते, विशेषतः दिल्लीची, कारण तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत. पत्र्याला तिथली कोरडी हवा मानवते हेही खरे. पण तिला मूळ कार्यालयाची फॉर्म २८ वरची एनओसी लागते, इथे नव्याने कर भरून गोव्याचा नंबर घ्यावा लागतो, आणि परराज्याच्या नंबरावर १२ महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. बेळगाव किंवा सावंतवाडी जवळ आहे म्हणून सोपे जाईल असे नाही, राज्य बदलले की सगळे तेच. पहिली गाडी गोव्याच्याच नंबराची घ्या.

२०१९ च्या एप्रिलआधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही बघून ठेवा.

६. पहिल्या महिन्यातला खर्च

हातातल्या एकूण पैशांपैकी एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करा. दीड लाख असतील तर एक लाखाची गाडी आणि पन्नास हजार तिच्यासाठी. मी हे पाळले म्हणून आज गाडी चालते आहे.

मागच्या मालकाने काय बदलले होते याचा विचार करू नका. इंजिन ऑईल, फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑईल आणि गिअर ऑईल नव्याने टाका. बेल्टवाले इंजिन असेल तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि त्याच वेळी वॉटर पंप. बेल्टचा कागदोपत्री पुरावा नसेल तर तो बदललेला नाही असेच समजा.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालायची आपल्याकडची जुनी सवय मोडा. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजतात. तयार कूलंट ओता, विषय संपला.

टायरवर शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी पावसात धरत नाही, रबर कडक झालेले असते. पैसे कुठे वाचवायचे ते वाचवा, टायरमध्ये नाही. आणि माप कंपनीने दिलेलेच ठेवा. माझ्या गाडीला १६५/८० आर १४ आहेत. दिसायला बारीक आहेत, पण खड्डे गिळतात आणि स्टिअरिंग हलके राहते.

७. मेस्त

चांगला मेस्त सापडला की जुनी गाडी अर्धी सांभाळली गेली. गॅरेजबाहेर कुठल्या गाड्या उभ्या आहेत ते बघा. तुमच्या गाडीच्याच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या दिसल्या तर बरे. जुना काढलेला भाग न मागता दाखवतो का, हे दुसरे लक्षण. पहिल्या भेटीत छोटे काम द्या, ब्रेक साफ करणे वगैरे, आणि शेजारी उभे राहा. आमचा मेस्त काम करताना मला टॉर्च धरायला लावतो. गाडीबद्दल जे काही कळते, त्यातले निम्मे मी तिथे शिकलो.

एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. वर्षभराने तुम्हाला आणि मेस्ताला दोघांनाही ती उपयोगी पडते. इलेक्ट्रिशियन आणि एसीवाला वेगळा असतो, सगळे एकाकडे होत नाही. आणि चवथीच्या आधीच्या आठवड्यात मोठे काम काढू नका, गाडी सणभर उघडी राहील.

८. पावसाळा

मेच्या पहिल्या पंधरवड्यात हे करा, पाऊस तुमच्यासाठी थांबत नाही. वायपरखालची जाळी काढून पाने साफ करा आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली येते का बघा. दारांखालची भोके जाड दोऱ्याने किंवा दातकोरणीने मोकळी करा. वायपरचे रबर नवे. बॅटरीची टोके घासून त्यांना पेट्रोलियम जेली. गाडी खालून धुऊन दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच, कोरड्या पत्र्यावर, गंजरोधक लावून घ्या. दारांच्या आणि खालच्या पोकळ्यांत मेणासारखा फवारा मारून घेतला तर त्याहून चांगले, कारण गंज बहुतेक वेळा आतून येतो.

पाऊस सुरू झाल्यावर काच धुरकटली की एसी चालू ठेवा आणि हवा काचेवर सोडा. शेजारच्या सीटच्या पायाशी पाणी आले तर ते पावसाचेच असेल असे नाही, एसीची निचरा नळी तुंबलेली असू शकते.

हँडब्रेक लावून गाडी दोन-तीन दिवस पावसात उभी ठेवली की मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. सपाट जागा असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला चिरा म्हणजे दगड लावा आणि हँडब्रेक सोडा.

साचलेल्या पाण्यात चाकाच्या मध्यापेक्षा वर पाणी असेल तर जाऊ नका. समोरचा मोठ्या गाडीतून गेला म्हणून तुम्ही जाऊ नका. त्याची हवा घ्यायची जागा वर असते, आपली खाली. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साधा विमा सहसा हे नुकसान देत नाही. ढकलून बाहेर काढा, मेस्ताला बोलवा.

उंदीर हा पावसाळ्यातला मोठा शत्रू आहे. उबेसाठी बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. आठवड्यातून दोनदा तरी बॉनेट उघडून बघा, हवेच्या तोंडाला बारीक जाळी लावा, गाडीत खाऊ ठेवू नका. उंदरामागून कधी सापही येतो, तेव्हा हात घालण्याआधी टॉर्च मारा.

ऑक्टोबरचे पहिले कडक ऊन पडले की मॅट, गालिचा, स्टेपनी बाहेर काढा आणि सगळी दारे उघडून दिवसभर गाडी उन्हात ठेवा. बुरशीचा वास जायला दुसरे औषध नाही.

९. पेट्रोलबद्दल

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. आपल्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होतात, अ‍ॅव्हरेज थोडे कमी होते, आणि ते हवेतली ओल ओढून घेते. आपल्याकडच्या हवेत हे महत्त्वाचे. म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या एकदा चांगल्या प्रतीच्या बदलून घ्या, दर सर्व्हिसला वास आणि पाझर तपासा, पेट्रोल फिल्टर वेळेआधी बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. गाडी रोज चालली तर यातला बराच त्रास होतच नाही.

१०. पंधरा वर्षे पूर्ण होताना

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला नेऊन नूतनीकरण करायचे. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत अर्ज करता येतो, आणि पहिल्याच आठवड्यात करा, कारण उशीर झाला की दर महिन्याला जादा शुल्क लागते. कारसाठी नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० आहे. हरित कर वेगळा. १४ वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करून बोला.

माझ्या गाडीचे नूतनीकरण २०२३ मध्ये झाले. तपासणीच्या आधीच्या रात्री मी सगळे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि सीटबेल्ट एकेक करून बघितले, तरी सकाळी मागच्या नंबरप्लेटवरचा छोटा दिवा बंद निघाला. रस्त्यातच एका इलेक्ट्रिशियनकडून बल्ब घालून घेतला. तुम्ही तो दिवा आठवड्याआधी बघा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, गडद काचा किंवा मापाबाहेरची चाके आधीच्या मालकाने लावली असतील तर काढून मूळचे बसवा. मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि शुल्काची पावती एका फाईलमध्ये ठेवा. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाडीचे पीयूसी सहा महिन्यांचेच असते, ते त्या दिवशी संपलेले नाही ना बघा. चेसिस नंबर जिथे कोरला आहे ती जागा फडक्याने पुसून वाचता येईल अशी करा, आणि तपासणीला सकाळी लवकर पोचा. दुपारी रांग वाढते.